ॲल्युमिनियमचा जॉब न वाकता तुटतोय: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी बरीच वर्षं ॲल्युमिनियमचं ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग करतो, म्हणजे वितळलेला धातू (आम्ही त्याला रस म्हणतो) धातूच्या साच्यात, डायमध्ये, दाब न देता ओततो. पॉवरलूमच्या मोटारीचे ब्रॅकेट, एंड कव्हर, शेतीपंपाचे सुटे भाग असं आमचं काम. एवढ्या वर्षांत एक दोष माझ्याकडे पुन्हा पुन्हा आला आहे, आणि शेजारपाजारच्या शेडमधले लोकही तोच तुकडा कागदात गुंडाळून घेऊन येतात. जॉब, म्हणजे ओतलेला भाग, दिसायला स्वच्छ, वजनाला बरोबर, ड्रिलिंगही नीट झालेलं. पण बोल्ट आवळताना कान, म्हणजे बोल्ट बसतो तो बाहेर आलेला भाग, कट्‌कन तुटतो. जरासुद्धा वाकत नाही. आपल्याकडची कडक भाकरी मोडते तसा.

दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून ठेवतो. सगळ्यात स्वस्त तपासणी आधी, खर्चाची नंतर. मी सांगेन तिथे सोडून क्रम मोडू नका. लॅबचे पैसे भरून झाल्यावर कारण चुंबकाने सापडलेलं मी पाहिलंय.

लक्षणं

खालच्यातलं तुमच्याकडे काय घडतंय ते आधी ठरवा, कारण पुढचा रस्ता त्यावर अवलंबून आहे.

बोल्ट आवळताना किंवा लूमच्या हादऱ्याने कान तुटतो आणि तुटण्याआधी अजिबात वाकत नाही. सकाळचे जॉब चांगले निघतात, संध्याकाळचे तुटतात. जाड भागातच तुटतं, पातळ भिंत शाबूत राहते. हीट ट्रीटमेंटआधी ठीक असलेला जॉब ओव्हनमधून आल्यावर ठिसूळ होतो, किंवा त्याच्या अंगावर बारीक फोड आणि घामासारखे धातूचे मणी दिसतात. डायमधून काढतानाच आतल्या कोपऱ्यात केसासारखी चीर असते. मशीनवर टूलला मधेच टणक खडा लागतो आणि धार जाते.

ही सगळी लक्षणं एकाच जॉबमध्ये सहसा दिसत नाहीत. दोन दिसली तर जे आधी दिसलं त्याच्या मागे जा.

दोष नेमका कुठे बसलेला असतो

भुईकोट किल्ल्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. दगड कितीही टणक असला तरी दोन दगडांच्या मधे काय भरलंय यावर भिंत टिकते. ॲल्युमिनियमचा जॉब असाच दाण्यांचा बनलेला असतो. साच्यात रस गार होऊ लागला की आधी जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम गोठतं आणि झाडाच्या फांद्यांसारखं वाढत जातं. रसातलं लोह, तांबं, मॅग्नेशियम, सिलिकॉन त्याला आत फारसं सामावून घेता येत नाही, म्हणून ते उरलेल्या रसात ढकललं जातं. शेवटी फांद्यांच्या फटीत आणि दाण्यांच्या सीमेवर जो थोडा रस उरतो, त्यात हे सगळं दाट झालेलं असतं. तो गोठतो तेव्हा त्यातून ॲल्युमिनियमपेक्षा वेगळे, टणक आणि ठिसूळ पदार्थ तयार होतात.

यात सगळ्यात वाईट लोह. गोठलेल्या ॲल्युमिनियममध्ये लोह जास्तीत जास्त ०.०५ टक्के मावतं, पण ७०० अंशांच्या रसात ते अडीच टक्क्यांपर्यंत विरघळू शकतं. म्हणजे रस लोह खुशाल पितो आणि गोठताना जवळजवळ सगळं सीमेवर ओकतो. ॲल्युमिनियम, लोह आणि सिलिकॉन मिळून तिथे पातळ पत्रे तयार होतात. पॉलिश केलेल्या कापावर ते सुयांसारखे दिसतात, म्हणून सगळे त्यांना सुयाच म्हणतात, पण खरा आकार पत्र्याचा असतो. जॉबवर ताण आला की चीर या पत्र्याला धरून धावते. दाणा ताणला जायच्या आतच सीमा फाटलेली असते.

तपासणी १: तुटलेला तुकडा नीट पाहा

खर्च शून्य. तुकडा फेकू नका, तुटलेल्या तोंडाला हात लावू नका, दोन्ही अर्ध्या एकमेकांवर घासून जुळवून बघू नका. उन्हात न्या आणि घड्याळ दुरुस्तीवाल्याकडचं दहापट भिंग लावून बघा.

चांगल्या धातूचं तोंड बारीक, फिकट राखाडी आणि रेशमी दिसतं. अभ्रकासारख्या सपाट कण्या चमकत असतील आणि तुकडा फिरवला की वेगवेगळ्या कण्या लकाकत असतील, तर सीमेवर लोहाचे पत्रे आहेत किंवा सिलिकॉनचे कण जाड राहिलेत. गोल, आतून गुळगुळीत छिद्रं वायूची. वेडीवाकडी पोकळी आणि तिच्यात फांद्यांची टोकं दिसली तर धातू आटताना रस पोचला नाही. तोंडाचा काही भाग काळपट किंवा पिवळसर आणि बाकीचा ताजा असेल, तर तेवढी चीर डायमध्ये गरम असतानाच पडली होती. बाकीचं नंतर तुटलं.

पोकळी दिसली म्हणून लगेच रायझरकडे, म्हणजे आटणाऱ्या जॉबला मागून रस पुरवणाऱ्या साठ्याकडे, धावू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका लूमवाल्या मालकांचे ब्रॅकेट कानाशी तुटत होते, भिंगाखाली पोकळी दिसली, मी रायझर मोठा केला. दोष वाढला. आणखी मोठा केला, आणखी वाढला. लोहाचे पत्रे फांद्यांच्या फटीत आडवे बसतात आणि मागून येणाऱ्या रसाची वाट अडवतात, म्हणून पोकळी त्यांच्या पलीकडे पडते. मी रायझर मोठा केल्याने तो भाग आणखी सावकाश गार झाला आणि पत्र्यांना वाढायला जास्त वेळ मिळाला. म्हणून पोकळीच्या कडेला चमकत्या कण्या आहेत का, ते आधी बघा. असतील तर रायझरला हात लावू नका.

तपासणी २: दिवसभरात दोष कधी सुरू होतो

खडू, वही आणि एक छोटा साचा एवढंच लागतं. बोटाएवढी जाड, वीतभर लांब पट्टी दर दोन तासांनी ओता, तीही दरवेळी त्याच साच्यात आणि साधारण त्याच तापमानाला. गार झाल्यावर खडूने वेळ लिहा, वाइसमध्ये धरून हातोडीने तोडा आणि तुकडे ओळीने मांडा. किती वाकल्यावर तुटली ते वहीत लिहा. यासाठी मोजपट्टी लागत नाही, फरक डोळ्यांना दिसतो.

सकाळची पट्टी वाकते आणि संध्याकाळची नुसती मोडते, तर भंगार किंवा पिंड (विकत आणलेल्या धातूच्या लाद्या) जबाबदार नाहीत. दिवसभरात तुमच्याच भट्टीत काहीतरी बदलतंय. सकाळपासूनच मोडत असेल तर दोष चार्जबरोबर, म्हणजे भट्टीत भरलेल्या मालाबरोबर, आत आलाय. एवढ्या एका पट्टीने अर्धं कोडं सुटतं, म्हणून कुणाचा फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुटणारे जॉब किती वाजताचे आहेत?

तपासणी ३: चुंबक आणि भंगाराचा ढीग

आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये नव्या पिंडाबरोबर भंगार जातंच. भंगार वाईट नसतं, पण त्यात काय मिसळलंय ते माहीत हवं.

मोठं चुंबक घेऊन ढिगावर फिरवा. स्टीलचे बोल्ट, बुश, स्टड, वॉशर निघतील. ‘पोलाद वितळायला दीड हजार अंश लागतात, आपल्या भट्टीत ते तसंच तळाला राहील’ असं पुष्कळ जण मानतात. ते वितळत नाही, विरघळतं. साखर चहात विरघळायला साखरेचं वितळणं गरजेचं नसतं, तसंच. तळातून काढलेला बोल्ट बारीक झालेला दिसला तर गेलेलं लोह तुमच्या जॉबमध्ये बसलंय. डिझेल पिस्टनच्या वरच्या रिंगच्या खाचेत ओतीव लोखंडाचं कडं बसवलेलं असतं. त्यात निकेल पुष्कळ असतं, म्हणून चुंबक ते कधीकधी पकडतच नाही. पिस्टन फोडून डोळ्यांनीच पाहावं लागतं.

चुंबक जे सांगू शकत नाही ते असं. गिअरबॉक्सची आवरणं, स्कूटरचे इंजिन कव्हर ही प्रेशर डाय कास्टिंगची कामं. एलएम-२४ सारख्या (एलएम हे ओतकामाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे क्रमांक) त्या धातूत तांबं ३ ते ४ टक्के असतं आणि लोह १.३ टक्क्यांपर्यंत चालतं. तिथे लोह मुद्दाम राखतात, नाहीतर दाबाने घुसलेला रस पोलादी डायला चिकटतो. त्यांच्यासाठी तो धातू योग्यच आहे. पण तोच ढीग एलएम-२५ मध्ये गेला, जिथे लोहाची मर्यादा ०.५ टक्के आहे, तर एकाच वेळी लोह आणि तांबं दोन्ही घुसतात. पिस्टनच्या काही धातूंत फॉस्फरसही असतो. सिलिकॉनचे कण बारीक करायला आपण टाकतो त्या सोडियमला आणि स्ट्रॉन्शियमला तो मारतो.

म्हणून ढीग वेगळे करा: अलॉय व्हील एका बाजूला, खिडक्यांचे सेक्शन दुसऱ्या, गिअरबॉक्स आणि पिस्टन तिसऱ्या. भंगारवाल्याला ‘मिक्स नको’ असं पहिल्याच दिवशी सांगा. तो भाव वाढवेल, तरी घ्या.

इथेच जिवाची गोष्ट. ओलं भंगार, बंद नळ्या, शॉक ॲब्सॉर्बरसारखे दोन्ही बाजूंनी बंद तुकडे रसात टाकू नका. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस छपरापर्यंत उडतो. पावसाळ्यात बाहेर पडलेला ढीग भट्टीच्या कडेला सुकवून, तापवून मगच आत सोडा.

तपासणी ४: कढई, पळी आणि घंटा

संध्याकाळचे जॉब तुटत असतील तर थेट इथे या. माझ्या अनुभवात या दोषाचं सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे.

तुम्ही ग्रॅफाइटची मूस वापरता की लोखंडी कढई? कढईला आतून कोट आहे का? पळी, ढवळायचा गज, मळी काढायचा झारा, वायू काढायची गोळी रसात बुडवायची घंटा, सगळं लोखंडाचंच असतं. कोट उडालेल्या लोखंडाला रस लागला की तो ते खातो, आणि रस जितका गरम तितका जास्त. ८०० अंशांना लोह विरघळायची मर्यादा ७०० अंशांच्या जवळपास दुप्पट होते.

करायचं एवढंच. कढई रिकामी करून गार झाल्यावर टॉर्चने आत बघा. रसाच्या पातळीच्या रेषेवर खड्डे किंवा गोल खाच पडली असेल तर तेवढं लोखंड विकलेल्या जॉबमध्ये गेलंय. पळीचं टोक नव्या पळीशी लावून बघा. मग सगळ्या हत्यारांना वॉश, म्हणजे संरक्षक लेप, लावा आणि पूर्ण सुकवून तापवा. आमच्याकडे दर शिफ्टच्या सुरुवातीला हे होतं. पोरं कंटाळतात, मी ऐकत नाही. ज्या आठवड्यात हे सुटतं त्या आठवड्यात संध्याकाळची पट्टी मोडते.

जमेल तेव्हा कढई सोडून मुशीवर जा. मूस महाग आहे आणि आपटली की फुटते, पण ती लोह देत नाही.

तपासणी ५: रसाचं तापमान

डोळ्याने रंग पाहून तापमान ठरवणं थांबवा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि शेडमध्ये त्याहून वर, छपरातून ऊन आत येत असताना रसाचा रंग फसवतो. बुडवायचा थर्मोकपल आणि मीटर घ्या. आमच्या कामाला ७०० ते ७४० अंश पुरतात. ७६० च्या वर नेलं की लोह जास्त विरघळतं, हायड्रोजन जास्त शोषला जातो आणि दाणाही मोठा होतो.

लाइट गेली, जेवणाची सुट्टी झाली, डाय अडकला, तर रस तसाच तापत ठेवायची सवय असते. बर्नर कमी करा. तीन तास उगाच तापलेला रस सकाळचा रस राहत नाही.

तपासणी ६: सिलिकॉन की लोह?

भिंगाखाली दोन्ही चमकतात, त्यामुळे गफलत होते. वेगळं करायची सोपी युक्ती आहे. सिलिकॉन बारीक करायला सोडियम टाकत असाल तर त्याचा असर अर्ध्या तासातच ओसरू लागतो. स्ट्रॉन्शियम जास्त टिकतं, साधारण ०.०१ ते ०.०२ टक्के पुरतं. संध्याकाळच्या मोडणाऱ्या रसात ताजा डोस द्या, ठरलेला वेळ थांबा आणि पट्टी ओता. पट्टी पुन्हा वाकू लागली तर दोष सिलिकॉनचा होता आणि डोसची वेळ बदलून काम भागेल. फरक पडला नाही तर लोह आहे असं धरा.

आणि लोह असेल तर एक गोष्ट मनाशी पक्की करा: रसात गेलेलं लोह फ्लक्सने (रस साफ करायच्या पावडरीने), गोळीने, ढवळल्याने बाहेर येत नाही. असा दावा करून कुणी पावडर विकत असेल तर पैसे वाचवा. शेडमध्ये खरे उपाय दोनच आहेत.

पहिला, पातळ करणं. हिशोब असा. एलएम-२५ सारख्या ७ टक्के सिलिकॉनच्या धातूत लोह साधारण ०.४७ टक्क्यांच्या वर गेलं की पत्रे सिलिकॉनच्या आधीच, मोकळ्या रसात वाढू लागतात आणि लांबलचक होतात. त्याच्या खाली असेल तर ते सिलिकॉनबरोबर शेवटी तयार होतात आणि लहान राहतात. ही सीमा काढायचं सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: सिलिकॉनचे टक्के गुणिले ०.०७५, त्यातून ०.०५ वजा. आता तुमच्याकडे १०० किलो रस ०.८ टक्के लोहाचा आहे आणि नवा पिंड ०.१५ टक्क्यांचा. तो ०.४५ वर आणायला जवळपास ११७ किलो नवा पिंड लागतो. आकडा ऐकून लोक गप्प होतात, पण कढईचा कोट किती स्वस्त आहे हे त्यातूनच कळतं.

दुसरा उपाय मँगनीज. लोहाच्या निम्म्याने मँगनीज असेल तर सपाट पत्र्यांऐवजी नक्षीदार, गुंतलेल्या आकाराचे कण बनतात आणि चीर त्यांच्यातून इतकी सरळ धावत नाही. लोह तिथेच राहतं, फक्त कमी घातक होतं. पण हातचं राखून टाका. लोह, मँगनीजची दुप्पट आणि क्रोमियमची तिप्पट यांची बेरीज १.८ च्या आसपास गेली की रस धरून ठेवायच्या तापमानाला तळाशी जड गाळ बसू लागतो. उदाहरणार्थ लोह ०.९, मँगनीज ०.३, क्रोमियम ०.१ असेल तर बेरीज नेमकी १.८. मशीनवर टूलला लागणारा टणक खडा पुष्कळदा हाच गाळ असतो. भट्टी जितकी थंड ठेवाल तितका तो लवकर बसतो, त्यामुळे तळ खरवडून ओतलेला शेवटचा रस जॉबमध्ये घालू नका.

बेरिलियमने लोहाचा आकार सुधारतो हे खरं आहे. पण त्याचा धूर आणि धूळ फुप्फुसाला घातक आहे. छोट्या शेडमध्ये ते आणूच नका.

तपासणी ७: डाय आणि जाड भाग

कोपऱ्यातली केसासारखी चीर असेल, तोंड जुनं काळपट असेल, तर कारण वेगळं. जॉब जवळजवळ गोठलाय, सीमेवर रसाची फक्त पातळ पापुद्री उरलीय, आणि डाय त्याला आकसू देत नाही. सगळ्यात अशक्त जागा सीमाच, तिथे तो फाटतो. कोपऱ्याची त्रिज्या वाढवा, कोअर (आतली पोकळी घडवणारा भाग) लवकर ओढा, डायचं तापमान सारखं ठेवा. टायटॅनियम-बोरॉनच्या कांडीने दाणा बारीक केला तर ताण जास्त सीमांवर वाटला जातो.

जाड कानातच तुटत असेल तर तो भाग लवकर गार कसा होईल ते पाहा. तिथला डाय कोट पातळ करा, तांब्याचा किंवा लोखंडाचा चिल (उष्णता ओढून घेणारा तुकडा) बसवा, डिझाइनवाला ऐकणार असेल तर कान पोकळ करा. लवकर गोठलेल्या धातूत पत्रे लहान राहतात. वाळूच्या साच्यात लोह जास्त छळतं ते यामुळेच.

तपासणी ८: हीट ट्रीटमेंटचं ओव्हन

ओव्हनमधून आल्यावर बिघडत असेल तर आधीच्या सात तपासण्यांवर थोडा वेळच घालवा आणि इथे नीट थांबा.

एलएम-२५ ला टी-६, म्हणजे ताकद वाढवायची हीट ट्रीटमेंट, करताना ५२५ ते ५४५ अंशांवर काही तास ठेवतात, गरम पाण्यात विझवतात, मग १५५ ते १७५ अंशांवर मुरवतात. या काळात सिलिकॉनची टोकं गोल होतात आणि मॅग्नेशियमचे कण विरघळतात. लोहाचे पत्रे मात्र या तापमानाला जवळजवळ जसेच्या तसे राहतात. लोहाने ठिसूळ झालेला जॉब ओव्हनमध्ये घालून सुधारायची आशा ठेवू नका.

खरा घात तांब्याचा. गिअरबॉक्सचं भंगार मिसळून एलएम-२५ मध्ये टक्काभर तांबं आलं की सीमेवर तांब्याचा पदार्थ बसतो. सिलिकॉनबरोबर तो सुमारे ५२५ अंशांना आणि मॅग्नेशियमही सोबत असेल तर सुमारे ५०७ अंशांनाच वितळू लागतो. तुमचं ओव्हन ५४० वर. बाहेरून जॉब घट्ट, आतून सीमांवर रस. तो गार झाला की सीमेवर पोकळी आणि ठिसूळ जाळं राहतं, काही रस मणी होऊन बाहेर येतो. एकदा माझी आख्खी बॅच अशी गेली. भंगार मीच भरलं होतं, ओव्हनच्या तापमानाचा चार्ट मात्र नव्या पिंडाचा लावला होता. घामाचे मणी आलेला जॉब सुधारत नाही. परत मुरवून, सरळ करून, पॉलिश करून विकू नका. वितळवा.

तपासायचं काय? दुसऱ्या शेडमधून एक चांगला थर्मोकपल मागून आणा आणि जॉबच्या ढिगाच्या मधोमध बांधा. मग दारापाशी, मग मागच्या कोपऱ्यात. माझ्या ओव्हनमध्ये पुढे आणि मागे १८ अंशांचा फरक निघाला होता, म्हणजे मीटरवर ५३५ असताना मागे ५५० च्या घरात. पंखा चालू आहे का, जाळीत जॉब एकमेकांवर रचलेत का, तेही बघा. तांब्याची शंका असेल तर आधी ४९० ते ५०० अंशांवर काही तास ठेवा, म्हणजे तांबं दाण्यात विरघळेल, आणि मगच वर न्या.

विझवण्याचं पाणीही बघा. ओव्हनचं दार उघडल्यापासून पाण्यात पडेपर्यंत जितके सेकंद जातात तितका मॅग्नेशियम-सिलिकॉनचा पदार्थ सीमेवर आधीच बसतो आणि सीमेलगतचा पट्टा अशक्त राहतो. दहा सेकंदांच्या आत जॉब पाण्यात हवा. पाणी ६५ ते ८० अंश ठीक. उन्हाळ्यात तिसऱ्या बॅचला टाकीतलं पाणी उकळीला आलेलं असतं, तेव्हा विझवण्याची धार राहत नाही.

तपासणी ९: स्पेक्ट्रो

आता लॅब. स्पेक्ट्रो म्हणजे धातूत काय किती टक्के आहे ते सांगणारी तपासणी. नमुना तुटलेल्या जॉबचा देऊ नका. त्याच रसातून धातूच्या साच्यात चटकन गार केलेली चकती द्या, म्हणजे धातू सगळीकडे सारखा असतो. सकाळची एक आणि संध्याकाळची एक, अशा दोन. रिपोर्टवर आधी लोह बघा आणि दोन्हींतला फरक काढा. मग मँगनीज, तांबं, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम. ‘पास’ असा शिक्का बघून कागद बाजूला ठेवू नका. एलएम-२५ च्या मर्यादेत ०.५ लोह पास होतं, पण आपल्या सीमेच्या ०.४७ च्या वरच आहे, आणि जाड कानाला तेवढं पुरतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

स्पेक्ट्रो चांगला आला आणि तरी जॉब मोडतोय, तर पुढचं काम मायक्रोस्कोपचं आहे. तुकडा कापून, पॉलिश करून सीमेवर नेमकं काय बसलंय ते धातुशास्त्राच्या लॅबमध्येच बघून घ्या. यूट्यूब बघून शेडमध्ये एचिंग, म्हणजे पॉलिश केलेला काप ॲसिडने कुरतडून आतली रचना उघड करणं, करू नका. त्यात वापरतात ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत जातं, आणि सुरुवातीला दुखतही नाही. लॅबला फोटोबरोबर एवढं विचारा: पत्रे आहेत की नक्षीदार कण, त्यांची लांबी किती, सीमेवर वितळल्याच्या खुणा आहेत का, सिलिकॉन बारीक झालंय का.

ओव्हनचं कॅलिब्रेशन, कंट्रोलरची वायरिंग, गॅस बर्नरची गळती, हे काम त्याच्या माणसाचं. भंगारात मॅग्नेशियमचा धातू आला असेल आणि तो पेटला, तर पाणी मारू नका, सुकी वाळू टाका, माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

कापड रंगवण्याच्या (डाइंगच्या) कारखान्यातून कुणी चीर पडलेली ॲल्युमिनियमची टाकी आणली तर ते आपलं ओतकाम नव्हे. ५०८३ सारख्या पत्र्यात मॅग्नेशियम चार टक्क्यांच्या वर असतं. असा पत्रा ६५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिला की मॅग्नेशियम सीमेवर येऊन बसतं आणि ओल्या, खारट जागी सीमाच कुरतडली जाते. त्यावर वेल्डिंगचं ठिगळ मारलं तर चीर शेजारून पुन्हा निघते. वेल्डिंग इंजिनिअरला दाखवा आणि टाकीत किती गरम काय भरतात ते त्यांना खरं सांगा.

ब्रेक, स्टिअरिंग, उचलण्याची कडी, दाबाखालचं भांडं यांचा तुटलेला भाग कुणी ‘तसाच एक ओतून द्या’ म्हणत आणला तर मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका. त्याला एक्स-रे, ताणाची चाचणी आणि जबाबदारीची सही लागते, ती आपल्या शेडमध्ये होत नाही.

आणि नापास बॅच वितळवायला ठेवताना तिच्यावर लाल रंगाचा पट्टा मारून वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, वहीत तिचं लोह आणि तांबं लिहा. नाहीतर पुढच्या आठवड्यात तोच ढीग ‘स्वतःचा चांगला रिटर्न’, म्हणजे परत वितळवायचा घरचा माल, म्हणून भट्टीत जातो आणि संध्याकाळची पट्टी पुन्हा मोडते.